खारूताईचं उत्तर

खारूताईने पुन्हा बाजी मारली होती.

कुणाच्या तरी लॅपटॉपवर चहा सांडला होता आणि त्याने दुरुस्तीवाल्यांच्या साइटवर हंबरडा फोडला होता. खाली खारूताईचं उत्तर: ‘आधी बॅटरी काढा, मग हात घाला. आणि तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदूळ शिजवायला असतात.’ उत्तरापुढे हिरवी टिकली. म्हणजे तपासलेलं, विश्वासाचं.

मांडीवरचं बाळ चुळबुळलं. तिने एका हाताने थोपटलं, दुसऱ्या हाताने पान खाली सरकवलं. तळाशी नवऱ्याच्या दुकानाच्या नावाने एक ओळ होती: ‘खारूताई, तुम्ही नसता तर दुकानाला कुलूप लागलं असतं.’

तिने ती ओळ पुन्हा वाचली. तुम्ही नसता तर!

लॅपटॉप दुरुस्तीच्या त्या दुकानात एके काळी तिचं स्टूल होतं. दोघं एकाच कॉलेजातले, दुकानही दोघांनी मिळून काढलेलं. तो स्क्रू खोलायचा, ती दोष शोधायची. इंटरनेटवर दीडशहाण्यांना तोटा नाही. एकाच बिघाडावर जितकी तोंडं तितके उपाय. त्यातला खरा कोणता आणि कोणता मशीनची माती करणार, हे ती दोन ओळी वाचून सांगायची. मग बाळ आलं आणि ती घरात राहिली. स्टुलावर आता रिकामी खोकी असतात, असं तो म्हणायचा.

“कधी येऊ रे मी परत?” असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. “बाळाला टाकून कशी येशील? थांब, बघतोय मी काहीतरी.”

बघतोय! काय बघतोय ते दिसतच होतं.

“ही खारूताई कोण रे?” तिने एकदा सहज विचारावं तसं विचारलं होतं.

त्याला पाणी पिता पिता ठसका लागला. “आहे एक. हुशार आहे फार.” आणि त्याने फोन पालथा ठेवला.

तिने बहिणीला फोन लावला.

“ताई, ही खारूताई बाईच आहे कशावरून?” धाकटी हसली. “एखादा टकल्या काका असेल.”

“काका असता तर हा रोज दाढी करून गेला असता?”

“अगं, फोनमध्ये दाढी दिसते का!”

“तुला काय होतंय हसायला. तुझा नवरा कुणाला असं लिहितो का?”

“माझा? मला ‘दूध आण’च्या पुढे काही लिहीत नाही.”

त्या रात्री जेवताना नेहमीप्रमाणे दुकानाचा विषय निघाला.

“ऐक ना. पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळीठिक्कर. काय असेल?”

“रॅम काढ, पट्ट्या खोडरबराने पूस, परत बसव,” बाळाच्या तोंडात घास देत ती म्हणाली. “लगेच नवीन रॅम गळ्यात मारायला जाऊ नकोस. गिऱ्हाईक पळेल.”

“वा! मानलं तुला.”

“मानलंस तर ती भाजी संपव.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ झोपल्यावर तिने साइट उघडली. कुठल्याशा परमुलखातल्या दुरुस्तीवाल्याकडे काळ्या स्क्रीनचा लॅपटॉप आला होता, आणि खारूताईने त्याला उत्तर दिलं होतं. खोडरबरासकट. ‘गिऱ्हाईक पळेल’सकट.

ती पाहतच राहिली. मग मागची उत्तरं चाळली. सगळी ओळखीची. तांदळाचं वाक्यही तिचंच होतं; कालपर्यंत ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

म्हणजे हा माझ्याकडून घेतो आणि तिला नेऊन देतो! रांधायचं मी, वाढायचं याने आणि ढेकर द्यायची तिने!

नवरा हुशार बाईवर भाळला असता, तर ती रडली असती. पण त्या बाईची हुशारीसुद्धा हिच्याकडूनच उसनी नेलेली. तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

प्रत्येक उत्तराखाली ‘तक्रार’ असं बारीक अक्षरातलं बटण होतं. दुकान नवीन असतानाचा एक व्हिडिओ तिच्या फोनमध्ये होता. हातात चहाने भिजलेला लॅपटॉप धरून ती सांगतेय, “अहो, तांदूळ शिजवायला असतात!” आणि कॅमेऱ्यामागे त्याचं हसू. तिने तो जोडला. लिहिलं, ‘ही उत्तरं चोरलेली आहेत. मूळ माझी आहेत.’ बाळाच्या नाकापुढे बोट धरून श्वास नीट चाललाय ना ते पाहिलं, आणि बटण दाबलं.

साइटवाल्यांनी तत्परता दाखवली. तक्रार खरी ठरली, खारूताईचं खातं कायमचं बंद. कितीतरी दिवसांनी तिने बाळाला न्हाऊ घालताना गाणं म्हटलं.

त्या दिवशी तो उजेड असतानाच घरी आला. चेहरा उतरलेला, आणि काखेत तिचं ते जुनं स्टूल. स्वच्छ पुसलेलं. त्याने ते खिडकीपाशी ठेवलं आणि उभाच राहिला.

“तुला एक सांगायचं होतं,” तो म्हणाला.

“खारूताईबद्दल?”

तो दचकला. “हो. साइटवाल्यांनी तिला काम देऊ केलं होतं. घरी बसून लोकांची उत्तरं तपासायची, खरी कुठली, खोटी कुठली. चांगला पगार. केव्हापासून वाट बघत होतो मी या पत्राची. सकाळी पत्र आलं, आणि दुपारी बघतो तर तिचं खातंच बंद. कुणीतरी चोरीचा आळ घेतलाय.”

“मी घेतला,” ती म्हणाली. “पुराव्यासकट. माझ्या जिवावर मिरवत होती ती.”

बाळाने हात पुढे केले, तरी त्याने उचललं नाही. स्टुलाकडे बघत राहिला.

“अगं,” तो शेवटी म्हणाला, “टाइप तेवढं मी करायचो. रोज जेवताना मी खारूताईलाच तर विचारत होतो.”