वेशीवरचे बूट

वेशीत पालखी थांबली. चीनच्या बादशहाने लिंगशी प्रांतावर नेमलेले नवे अधिकारी शेन वेनलियांग पडदा सारून वर बघू लागले. कमानीखाली खिळ्यांवर बुटांचे जोड टांगले होते, सगळे काळे, रेशमी, सरकारी.

"बदली होऊन निघालेल्या साहेबांचे बूट लोक इथं काढून घेतात," म्हातारा वेसकर म्हणाला. "जाऊ नका, असं म्हणायची आमची रीत आहे."

"सगळेच एवढे लाडके होते?"

"रीत आहे, सरकार."

शेन गालातल्या गालात हसले. आपल्या बुटांसाठीही त्यांनी एक रिकामा खिळा हेरून ठेवला. मग नजर कोपऱ्यात अडकली. तिथे एकच बूट होता, चिखलाने कडक झालेला.

"याचा दुसरा कुठाय?"

"सापडला नाही." वेसकर त्या बुटाकडे बघत म्हणाला. "महापुरात बांध खचायला लागला, तेव्हा ते साहेब आमच्याबरोबर मातीची पोती टाकत होते. पाणी ओसरल्यावर एवढाच मिळाला."

भोई पालखी उचलायला वाकले, तोवर शेन खाली उतरले होते.

"वाड्यावर नंतर जाऊ," ते वेसकराला म्हणाले. "आधी बांध दाखवा."