नाव लिहायचं नाही

शिक्षकांवर कामाचा ताण किती, याचा सर्व्हे करायचा होता. मुख्याध्यापिका म्हणून मीच स्टाफरूममध्ये चाळीस फॉर्म वाटले आणि बजावलं, "नाव लिहायचं नाही. मनात असेल ते मोकळेपणाने लिहा."

"मॅडम, अक्षरावरून ओळखाल की!" पीटीचे सर म्हणाले.

"अक्षरं ओळखत बसायला मला वेळ आहे का, सर?"

सगळे हसले.

शाळा सुटल्यावर केबिनमध्ये फॉर्म चाळायला घेतले. कुणाच्या वह्या तपासून संपत नव्हत्या, कुणी रागाने नुसत्याच फुल्या मारल्या होत्या. एका फॉर्मवर मात्र थबकले.

'रोज गेटपाशी रडू येतं. डोळे पुसून आत येते.'

खाली छापील प्रश्न होता : हे घरी कुणाला सांगितलंत का?

'आईला सांगणार होते. पण शाळेपुढे तिला वेळच नसतो.'

त्या 'वेळ'मधल्या 'ळ'वर नजर खिळली. एक पोट मोठं, एक बारीक.



याच शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या माझ्या लेकीकडून लहानपणी तो 'ळ' मी पाटीवर हात धरून कितीदा गिरवून घेतला होता.