फळीची खालची बाजू

सुभेदार लालासाहेब, त्यांचे पुत्र हवालदार, ज्यांचे नाव मी घेत नाही, आणि माझा मुलगा नाईक धैर्यशील, अशा आमच्या तीन पिढ्या फौजेत ताठ उभ्या राहिल्या. धैर्यशीलची लेक साक्षी मात्र चित्रे काढते. सीमेवर दोन्ही पाय गमावून धैर्यशील घरी आला, तेव्हापासून त्याने खोली सोडली नव्हती. चाकांच्या खुर्चीत बसून सोप्यात यायला तो तयारच नव्हता.

साक्षीने सोप्याचे चित्र जलरंगांत रंगवून माझ्यापुढे धरले. फरशी, खिडकी, उन्हाची तिरीप, सारे हुबेहूब होते. फक्त रेडिओची फळी खालून दिसत होती.

"चुकलीस," मी सुनावले. "या घरात फळी वरून दिसते."

"उभ्यानं दिसती, आज्जी. मी आबांच्या खुर्चीत बसून काढलंय. तिथनं रेषा अशाच जात्यात."

चित्र तुझ्या आबांना दाखव, अशी मी आज्ञा केली आणि स्वतः दारात उभी राहिले. धैर्यशीलने ते बराच वेळ न्याहाळले.

"फळीखाली जळमटं लोंबत्यात की," तो म्हणाला. "आई, झाडत न्हाई व्हय कुणी?"

"आम्हांला दिसत नाहीत. तूच बाहेर ये आणि दाखव."

थोड्या वेळाने त्याने खुर्ची मागितली. साक्षी ती ढकलू लागली, तेव्हा तो मागे न पाहताच म्हणाला, "जत्रंत तुला खांद्यावर घिऊन रथ दावला हुता. माझ्या उंचीवरनं."

"मग फिटलं का, आबा?"

"फिटलं, पोरी. सगळं फिटलं."