पट्ट्याची ओढ

थोरल्या लेकीचं, सुनंदाचं लग्न झालं त्या वर्षी आम्ही जुन्या जीपला विजेची मोटर बसवली; तिचा जोर रबरी पट्ट्याने चाकांकडे जायचा. हिशोब मांडून मुलगा हणमंत म्हणाला, "आबा, पट्टा इतका ताणलाय की मोटरचं बेअरिंग दोनच वर्षं टिकेल. पण सैल केला तर घाटात घसरेल. हात लावू नका."

मला चैन पडेना. रोज बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावायचो. "नाडी बघताय का त्याची?" हणमंत हसायचा. शेवटी त्याच्या नकळत मी पट्टा सैल केला.

आठवड्याने बायकोच्या छातीत कळ आली. दवाखाना घाटापलीकडे होता. चढावर मोटर फिरत राहिली, जीप हलेना. "पट्टा कुणी सैल केला?" हणमंत ओरडला. मी पाना घेऊन उतरलो.

माझी बायको कोंडाबाई त्या चढावरच, कार्तिक वद्य पंचमीला दुपारी वारली.