आता उटी नको

लष्करातून परतलेल्या मेकॅनिक मानसिंगनं सयाजीच्या ट्रकला दोन टर्बो बसवले आणि इंजिनाचा जोरच बदलला.

सांगलीची हळद भरून ट्रक खंबाटकी घाटाच्या पायथ्याला आला. गेली वीस वर्षं इथून पुढं ज्योतिबाआण्णा लाकडी उटी घेऊन गाडीमागं चालत. चढावर गाडी थांबली, की उटी चाकामागं सारायची, हेच त्यांचं काम.

"आण्णा, उतरा. एस्टीनं घरी जावा. ही गाडी आता घाटात थांबत न्हाई," सयाजी म्हणाला.

आण्णा उटी काखेत मारून उतरले.

ट्रक गुरगुरत सुटला. दोन वळणांत चार गाड्या मागं पडल्या. तिसऱ्या वळणावर बॉनेटखाली काहीतरी फाटलं, काळा धूर आला आणि इंजिन बंद पडलं. त्याबरोबर ब्रेकही ढिला झाला. सयाजीनं हँडब्रेक ओढून धरला, तरी भरलेली गाडी मागं सरकू लागली. मागं दरी होती.

"आण्णा, उटी!" वीस वर्षांच्या सवयीनं तो ओरडला. आणि मग त्याला आठवलं.

गाडी गचका खाऊन थांबली.

सयाजी खाली उतरला. मागच्या चाकाला उटी लागली होती. शेजारी आण्णा बसले होते, गुडघे फुटलेले.

"आवं, तुमाला तर खाली सोडलं हुतं!"

"व्हय. पन आज गाडी लय जोरात निघाली रं. चालत गाठली नसती, म्हणून मागं लटकलो."