मान खाली, नजर बाजूला

गाडीतून पावाची पिशवी बाहेर आली तेव्हाच मार्नीने टिलीला कडेवर उचललं.

गाडी पांढरी, उंच, सिडनीची. रस्त्याकडेला जागा सोडून थेट गवतात घातलेली. ही माणसं गावात आली की आधी इथल्या शांततेचं कौतुक करतात आणि मग गाडीतलं गाणं मोठं करतात. उद्यानाची पाटी बंपरपासून हातभर अंतरावर होती: कांगारूंना खायला घालू नका. पाटीवर गाडीवाल्या माणसाने ओला टॉवेल वाळत घातला होता.

समुद्राच्या वरच्या उतारावर कांगारूंचा कळप चरत होता. त्यातला नेव्हिल सगळ्यात मोठा. दाराएवढी छाती, एक कान फाटलेला. पिशवीचा आवाज त्याच्या ओळखीचा. तो उड्या मारत जवळ आला आणि मागच्या पायांवर ताठ उभा राहिला.

टिली तीन वर्षांची. तिने आईच्या कडेवरूनच मान खाली घातली, नजर बाजूला वळवली आणि घशातून दोनदा खोकली.

"अगं बाई! सर्दी झालीय का हिला?" माणसाची बायको फोनवर व्हिडिओ काढता काढता हसली.

"नाही हो," मार्नी म्हणाली. "मोठा नर उभा राहिला की आम्ही असंच करतो. वाकायचं, डोळ्यांत बघायचं नाही, खोकायचं. म्हणजे त्याला कळतं, आपल्याला भांडायचं नाहीये. आणि पाव नका ना देऊ. संपला की तो चिडतो."

माणूस बायकोकडे वळला. "ऐकलंस? इथे कांगारूला मुजरा करतात!" मग लहान मुलीला समजवावं तसं तो मार्नीला म्हणाला, "हे बघा ताई, माझ्या हाताखाली शंभर माणसं आहेत. एक कांगारू सांभाळीन मी."

त्याने एकेक तुकडा काढून नेव्हिलला दिला. बायकोने नवऱ्याला जरा डावीकडे सरकायला लावलं, मागे समुद्र यावा म्हणून.

शेवटचा तुकडा गेला. नेव्हिलने पिशवीत तोंड घातलं. माणसाने पिशवी डोक्याच्या वर धरली, छाती पुढे काढली आणि त्याच्या डोळ्यांत रोखून बघत ओरडला, "बास झालं! चल, निघ!"

भांडणाचं आमंत्रण याहून नीट कुणाला देता आलं नसतं. नेव्हिल शेपटीवर टेकून आणखी उंच झाला.

"वाका! खाली वाका!" मार्नी मागे सरकत ओरडली. "आणि खोका!"

"काय?"

"खोका म्हणते ना!"

नेव्हिलच्या पंजांनी शर्ट धरला. शर्ट गळ्यापासून फाटत गेला. शंभर माणसांचा साहेब गुडघ्यांवर आला, मग त्याचं कपाळ गवताला टेकलं, आणि मग तो खोकला. खोकतच राहिला. नेव्हिलने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि कंटाळून तो चरायला निघून गेला.

बायकोचा फोन अजून चालूच होता.

"बंद कर ते!" माणूस उठला. छातीवर दोन ओरखडे होते, बाकी काही नाही. तो तडक मार्नीसमोर येऊन उभा राहिला, अगदी जवळ. "हे जनावर धोक्याचं आहे. आत्ताच्या आत्ता उद्यानवाल्यांना फोन लावतो. गोळीच घालायला हवी याला!"

मार्नीला माहीत होतं, घालतील. गेल्या ईस्टरच्या सुट्टीत अशीच एक तक्रार झाली होती, आणि संध्याकाळी कळपात एक नर कमी होता. पाव खायला शिकल्यापासून नेव्हिल टिलीच्या हातातल्या बिस्किटाकडेही बघायला लागला होता. रोज इथून जाताना मार्नीचा जीव मुठीत असायचा. या एका फोनने तिचा घोर कायमचा मिटला असता.

पण पाव काही नेव्हिलने आणला नव्हता.

तिने खाली बघितलं. वर बघितलं असतं तर डोळ्यांतलं सगळं त्याला वाचता आलं असतं.

"चूक आमचीच झाली, साहेब," ती हळू आवाजात म्हणाली. "आम्ही नीट सांगायला हवं होतं. तुम्ही होतात म्हणून निभावलं. दुसरा कुणी असता तर घाबरून गेला असता."

"तेच म्हणतोय मी," माणूस म्हणाला. अंगठा फोनवर थबकला. फाटक्या शर्टातली छाती अजून पुढेच होती.

टिलीने आईच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहिलं. मग समोरच्या उंच, लालबुंद, फुरफुरणाऱ्या माणसाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, नजर बाजूला वळवली आणि घशातून दोनदा खोकली.

"सर्दीच झालीय हिला," माणूस म्हणाला आणि त्याने फोन खिशात टाकला.