काळजाचा तुकडा

ऑपरेशन उरकून आलेल्या डॉक्टरांनी स्टीलचं ताट ठकूबाईपुढे धरलं. त्यात अंड्याएवढा, पांढराफटक, पाण्यानं तट्ट भरलेला फोड होता. "तुमच्या थोरल्या पोरीच्या मेंदूतून न फोडता काढला. ती वाचेल, पण उजवा हात कितपत चालेल, ते आज सांगता येत नाही."

ठकूबाईला हाताचं ऐकूच आलं नाही. असले फोड तिच्या ओळखीचे होते. मेंढरांच्या तळावर मेंढरू कापलं की कधीकधी त्याच्या काळजावर दिसायचे. असलं वंगाळ लेकरांच्या पोटात जायला नको, म्हणून ती तेवढा तुकडा काढून राखणीच्या कुत्र्याला, काळ्याला, टाकायची.

"हे कुत्र्यामुळं होतं, बाई," डॉक्टर म्हणाले. "असे फोड आलेलं काळीज खाल्लं की त्याच्या पोटात जंत होतात. त्यांची अंडी त्याच्या केसांना चिकटतात. पोरं त्याला कवटाळतात आणि तेच हात तोंडात घालतात."

बाहेर येऊन तिनं तळावर नवऱ्याला फोन लावला. "धाकटी कुठाय?"

"हाय की हितंच. तुझ्यासाठी लई रडली," तो म्हणाला. "आता झोपलीया गुमान, काळ्याच्या गळ्यात हात घालून."